मोकळं आभाळ, पलीकडचा माणूस

जरीपटक्यातल्या कुठल्याही गच्चीवर चढा, टीव्हीच्या छत्र्यांची तोंडं दक्षिणेकडे वळलेली दिसतील. कुणाची थोडी पूर्वेला झुकलेली, कुणाची जवळपास सरळ. याच वस्तीत राहणारे एक निवृत्त बिनतारी यंत्रचालक नवख्या पोरांना सॅटेलाईट फोन शिकवताना आधी फोन हातात देत नाहीत, गच्चीवर नेऊन या छत्र्या दाखवतात. विषुववृत्ताच्या वर सुमारे ३५,७८६ किलोमीटरवर, पृथ्वीच्या फिरण्याशी गती जुळवून घेतल्यामुळे एका जागी थांबल्यासारखे दिसणारे उपग्रह आहेत. मालिका आणि क्रिकेट पाठवणारे उपग्रह त्याच वर्तुळात, आणि आपल्याकडची सरकारी यंत्रणा ज्यावरून बोलते ते इनमारसॅटचे उपग्रहही त्याच वर्तुळात. नागपूर २१ अक्षांशाच्या आसपास, त्यामुळे हे वर्तुळ इथून दक्षिणेच्या आकाशात, पण बरंच वर येतं. "फोनचं तोंड कुठं करायचं हे छत्रीनं सांगून ठेवलं आहे," ते पोरांना म्हणतात. "जंगलात छत्री नसते. तिथं दक्षिण कोणती, हे तुला ठाऊक पाहिजे."

फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या कुटुंबांनी उत्तर नागपुरातली ही वस्ती उभी केली. या यंत्रचालकांच्या लहानपणी इथल्या बाजारात रेडिओ दुरुस्तीचं एक दुकान होतं. दुकानाचे शेठ शाळा सुटल्यावर या पोराला स्टुलावर बसू देत, आणि हळूहळू डाग देण्याची इस्त्री, म्हणजे सोल्डरिंग आयर्न, त्याच्या हाती आली. तिथून सुरू झालेला नाद सरकारी बिनतारी खात्यातल्या नोकरीपर्यंत गेला. नोकरीची बरीच वर्षं गडचिरोली आणि मेळघाट या दोन टोकांना गेली. निवृत्तीनंतर आता आपत्तीच्या वेळी धावणाऱ्या स्वयंसेवकांना ते शिकवतात. शिकवताना त्यांच्यापुढे प्रश्न नेहमी एकच येतो, आणि तो विचारणाऱ्याच्या डोळ्यांत कौतुक असतं: सॅटेलाईट फोन म्हणजे कुठूनही लागतोच ना?

या "लागतोच ना" मध्ये काय काय राहून जातं, ते त्यांनी आयुष्यभर पाहिलं आहे.

सुरुवातीला त्यांच्या हाती उपग्रह नव्हताच. एचएफचा बिनतारी सेट होता. दोन झाडांमध्ये तार ताणायची, लांबी मोजून अँटेना करायची, बॅटरी जनरेटरवर चढवायची आणि ठरल्या वेळी कंट्रोलला हाक द्यायची. या ठरल्या वेळेला बिनतारीवाले शेड्यूल म्हणतात. सकाळचं शेड्यूल, संध्याकाळचं शेड्यूल, लॉगबुकात वेळ आणि सही. भामरागडच्या बाजूला याची किंमत कळते. १९७३ साली बाबा आमटे यांनी हेमलकशाला लोक बिरादरी प्रकल्प सुरू केला आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे तिथे राहायला गेले, तेव्हा पावसाळ्यात त्या मुलखाचा जगाशी संबंध कित्येक दिवस तुटायचा. भामरागडजवळ इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा या तीन नद्या एकत्र येतात. पर्लकोटेचं पाणी पुलावर चढलं की आलापल्लीकडचा रस्ता बंद. २०१९ च्या पावसाळ्यात हे पुन्हा पुन्हा घडलं, मोबाईलचे टॉवर आलेले असूनही घडलं. टॉवरला वीज लागते, डिझेल लागतं, केबल शाबूत लागते; पुरात यातलं काय आधी जाईल हे सांगता येत नाही.

अशा ठिकाणी वरून बोलणारा फोन पहिल्यांदा आला तो ब्रीफकेसएवढा. झाकण उघडायचं, झाकणातच सपाट अँटेना, ती होकायंत्र लावून आकाशाकडे वळवायची आणि सिग्नलचे दांडे वाढताना बघायचे. एचएफवर रात्रभर खरखर ऐकून कान किटलेल्या माणसाला त्यातला आवाज शेजारच्या खोलीतून आल्यासारखा वाटला, असं ते सांगतात. त्या दिवसाचा आनंद ते अजून लपवत नाहीत.

पुढे हातात मावणारे संच आले. मे २०१७ मध्ये बीएसएनएलने गाझियाबादच्या भूकेंद्रातून इनमारसॅटवरची हँडसेट सेवा सुरू केली. आधी पोलीस, आपत्ती व्यवस्थापन, सीमा दलं, रेल्वे अशा सरकारी यंत्रणांसाठी. या सेवेतला आयसॅटफोन २ हा संच तीनशेवीस ग्रॅमच्या आतबाहेर, बोलण्याला ८ तास आणि नुसता चालू ठेवला तर १६० तास चालेल असं बनवणारे सांगतात. तो मजबूत आहे, पाऊस आणि धूळ सोसतो. यंत्र म्हणून त्याच्याबद्दल या गृहस्थांची तक्रार नाही. त्यांचं म्हणणं असं की लोक भरवसा यंत्रावर ठेवतात आणि फोन बंद पडतो तो बहुधा यंत्राबाहेरच्या कारणाने.

पहिलं कारण पानं.

जरीपटक्यात ढगफुटीसारखा पाऊस आला की टीव्हीवर चित्र चौकोनी तुकड्यांत फुटतं आणि मग नुसती निळी पाटी उरते. हे प्रत्येकाने पाहिलेलं असतं, म्हणून प्रत्येकाला वाटतं की पावसात सॅटेलाईट फोनही जाणार. तसं होत नाही. टीव्हीचा सिग्नल बारा गिगाहर्ट्‌झच्या आसपासचा, त्याची लहर जेमतेम अडीच सेंटिमीटर. जोरदार पावसाचे थेंब तिला गिळतात. फोनचा एल बँड दीड गिगाहर्ट्‌झच्या आसपास, लहर वीस सेंटिमीटरची. पावसाचा तिला फारसा त्रास नाही. मुसळधार पावसात, उघड्या मैदानात छत्री धरून त्यांनी स्पष्ट बोलणं केलेलं आहे. पण हातातल्या संचाची ताकद वॉटभर, आणि समोरचा उपग्रह छत्तीस हजार किलोमीटरवर. इतक्या अशक्त लहरीला ओल्या पानांचा जाड थर पुरेसा होतो.

आता पूर्व विदर्भाचं जंगल आठवा. साग, ऐन, मोह, बांबू. साग फेब्रुवारीपासून पानं टाकू लागतो आणि मे महिन्यात उघडा उभा असतो. पावसाळ्यापूर्वीच्या आढावा बैठका, साहित्याची तपासणी, रंगीत तालीम हे सगळं साधारण त्याच मे महिन्यात होतं. फोन शाळेच्या मागच्या सागाच्या रानात नेला जातो, चटकन नेटवर्क पकडतो, रजिस्टरमध्ये "सुस्थितीत" अशी नोंद होते. जून उलटतो, सागाला सुपाएवढी पानं येतात. ऑगस्टमध्ये पूर आल्यावर त्याच जागी उभा राहून कुणी बटण दाबतो आणि संच उपग्रह शोधत राहतो, शोधतच राहतो. तपासणी करणाऱ्याने काही चुकीचं लिहिलेलं नसतं. मे महिन्यात ती जागा खरोखरच चांगली होती.

हे लक्षात आल्यापासून त्यांनी एक पद्धत घातली. प्रत्येक मुक्कामाच्या गावी फोनची जागा ठरवायची ती ऑगस्टचं झाड डोळ्यांपुढे आणून. शाळेचं पटांगण, तलावाची पाळ, नदीकाठचा खडक, कापणी झालेलं शेत, हेलिकॉप्टर उतरवायला राखलेली मोकळी जागा. दक्षिणेला दाट झाडी किंवा डोंगराचा कडा नको. जागा सापडली की तिथे दगडाला चुना लावायचा आणि गावच्या पोलीस पाटलाला, आशाताईला, आश्रमशाळेच्या शिक्षकाला दाखवून ठेवायचा. चुन्याचा दगड रात्रीही टॉर्चमध्ये दिसतो. या साध्या गोष्टीने जेवढं काम झालं तेवढं महागड्या जादा अँटेनांनी झालं नाही, असं त्यांचं ठाम मत आहे.

मेळघाटात अडचण निराळी. तिथे डोंगर उभे आणि दऱ्या खोल. सेमाडोह, कोलकासच्या बाजूला सिपना नदीच्या खोऱ्यात कितीतरी जागी आकाशाची नुसती पट्टी दिसते. सुदैवाने विदर्भातून उपग्रह क्षितिजाच्या बराच वर असतो, त्यामुळे दरीच्या उत्तर अंगाला सरकलं की बहुधा काम होतं. दक्षिणेच्या कड्याला चिकटून बसलेल्याला मात्र तासभर झटूनही काही मिळत नाही. त्याच दरीत शंभर पावलांचा फरक. हे नकाशावरून आधी सांगता येतं, आणि निवडणुकीच्या वेळी ते सांगावंच लागतं. मोबाईलचं जाळं पोचत नाही अशा मतदान केंद्रांची निवडणूक यंत्रणा शॅडो एरिया म्हणून वेगळी यादी करते. तिथे वायरलेस, सॅटेलाईट फोन आणि तेही नसेल तर रनर, म्हणजे चिठ्ठी घेऊन नेटवर्कच्या जागेपर्यंत जाणारा माणूस, अशी सोय लावली जाते. रनरची व्यवस्था मागास म्हणून हसण्यावारी नेणारे अधिकारी त्यांना भेटले आहेत. अशांना ते ओडिशाची आठवण करून देतात: १९९९ च्या महाचक्रीवादळात संपर्काची यंत्रणा कोलमडली, तेव्हा तिथल्या पोलिसांच्या कबुतरांनी चिठ्ठ्या पोचवल्या होत्या.

उन्हाळ्याचा त्रास फोनच्या पोटात होतो. विदर्भात मे महिन्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो. बंद जीपच्या डॅशबोर्डवर त्याहून कितीतरी जास्त. लिथियमची बॅटरी एवढ्या तापमानात बोलणं कसंबसं निभावते, पण चार्ज होताना तिची सहनशक्ती कमी असते. साधारण पंचेचाळीस अंशांच्या पुढे चार्जिंग थांबवण्याची व्यवस्था अशा संचांत असते. चालक दिवसभर गाडीत चार्जिंगला लावून निर्धास्त राहतो आणि संध्याकाळी बॅटरी होती तिथेच असते. फोन बिघडलेला नाही, त्याने स्वतःला वाचवलं आहे. उपाय साधा आहे. ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या पाण्याच्या कॅनजवळ, सावलीत पिशवी ठेवायची आणि चार्जिंग पहाटे करायचं.

संध्याकाळचं कोडं उलगडायला त्यांना खूप वेळ लागला. लॉगबुकं चाळताना दिसायचं की काही वर्षी मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या महिन्यांत, रात्री आठनंतर बोलणं तुटतं, आवाज बुडतो, मध्यरात्रीकडे आपोआप सुधारतं. पाऊस नाही, झाड नाही, बॅटरी भरलेली. सहकारी म्हणत, हँडसेट जुना झाला. मग एका प्रशिक्षणात आयनांबराचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञाची गाठ पडली. सूर्य मावळल्यावर विषुववृत्ताच्या वरच्या आयनांबरात खळबळ होते, विरळ झालेले फुगे वर चढतात आणि उत्तरेला-दक्षिणेला पसरतात. त्या पट्ट्याची उत्तरेकडची दाट कड मध्य भारतावरून जाते. सूर्यावरचे डाग वाढलेल्या वर्षांत, आणि दिवस-रात्र सारखे असतात त्या महिन्यांत याचा जोर मोठा. एल बँडचा सिग्नल त्यातून येताना सेकंदासेकंदाला कमीजास्त होतो. २०१३-१४ हे असं तेजीचं वळण होतं, २०२४ हेही. हे ऐकून त्यांना झालेलं समाधान वेगळंच होतं, कारण स्वतःच्या हाताने केलेल्या नोंदींना आकाशातलं कारण मिळालं. तेव्हापासून संध्याकाळचं शेड्यूल ते सूर्य बुडण्याआधी घेतात, आणि रात्री कॉल तुटला तर घाबरू नका, दर पंधरा मिनिटांनी प्रयत्न करा, शब्द जात नसतील तर एसएमएस टाका, असं सांगून ठेवतात.

बोलण्याचीही एक रीत आहे. आवाज वर जाऊन खाली यायला पाव सेकंद, उत्तर यायला पुन्हा तेवढाच, वर यंत्रांचा वेळ. अर्ध्या सेकंदाहून मोठ्या या फटीत सवय नसलेली माणसं एकमेकांच्या अंगावर बोलतात. "हॅलो, आवाज येऊन राहिला का?" असं दोघंही एकदम विचारतात, दोघंही थांबतात, पुन्हा एकदम सुरू करतात आणि महागडं मिनिट संपतं. जुने वायरलेसवाले इथे सहज निभावून नेतात, कारण वाक्य संपलं की "ओव्हर" म्हणण्याचं वळण त्यांच्या जिभेला आहे. म्हणून ते डॉक्टरांना, तहसीलदारांना, वनरक्षकांना आधी कागदावर चार ओळी लिहायला लावतात: मी कोण, कुठे आहे, काय झालं, काय हवं. स्थान पहिल्या वाक्यात. पुढचं तुटलं तरी चालेल, कुठे जायचं ते पलीकडे कळलेलं असेल.

आणि पलीकडे. त्यांच्या मते सगळ्यात कच्चा दुवा इथे आहे.

एका पावसाळ्यात दक्षिण गडचिरोलीत, भरलेल्या नाल्यापलीकडच्या आश्रमशाळेत एक पथक अडकलं. सोबत चांगला संच, भरलेली बॅटरी. सकाळी पटांगणातून बोलणं झालं, सगळं ठीक असा निरोप आला. दुपारी एका मुलाला ताप चढला, झटके येऊ लागले. पथकातल्या माणसाने फोन केला तो त्याला दिलेल्या नंबरवर, आणि तो नंबर एका कार्यालयाच्या लँडलाईनचा होता. रविवार होता. कुलूपबंद खोलीत घंटी वाजत राहिली. मग पाऊस वाढला, तो माणूस फोन घेऊन इमारतीत गेला आणि नेटवर्क येईल म्हणून तो चालूच ठेवला. छताखाली संच सतत उपग्रह शोधत राहतो आणि त्यात बॅटरी वेगाने उतरते. संध्याकाळपर्यंत फोन मेला.

मुलगा वाचला तो शेड्यूलमुळे. त्या दिवशी ड्यूटीवर असलेल्या या वायरलेसवाल्यांच्या वहीत त्या पथकाची साडेपाचची वेळ लिहिलेली होती. साडेपाचला कॉल आला नाही, सहालाही नाही. "सकाळी ठीक होते" एवढ्यावर त्यांनी समाधान मानलं नाही. वरिष्ठांना सांगून त्यांनी जवळच्या ठाण्याला वायरलेसवर हाक दिली. तिथून माणसं निघाली, नाल्याच्या काठी दोर लावला गेला आणि पहाटे मुलगा ग्रामीण रुग्णालयात पोचला. हा प्रसंग सांगताना ते फोनबद्दल फार बोलत नाहीत. वहीबद्दल बोलतात. कॉल आला तर मदत पाठवा, हा नियम सगळ्यांना कळतो; ठरलेला कॉल आला नाही तर मदत पाठवा, हा नियम कुणीतरी आधी लिहून, सही करून ठेवावा लागतो.

माळीणचं त्यांना आजही दुःख होतं. ३० जुलै २०१४ च्या सकाळी आंबेगाव तालुक्यातलं ते गाव डोंगराखाली गेलं, आणि बाहेरच्या जगाला पहिली खबर मिळाली ती एसटीच्या चालकाकडून, ज्याला नेहमीच्या जागी गाव दिसलं नाही. दीडशेवर माणसं गेली. तिथे सॅटेलाईट फोन असता तर माणसं वाचली असती, असं ते म्हणत नाहीत. दरड क्षणात कोसळते. पण रोज सकाळी त्या गावाचा ठरलेला निरोप कुठेतरी नोंदला जात असता, तर त्याची गैरहजेरी एखाद्या वहीत दिसली असती. दरडीच्या, पुराच्या गावांसाठी पावसाळ्याच्या चार महिन्यांत एवढं तरी करावं, असं ते प्रत्येक बैठकीत सांगत आले. काही ठिकाणी ऐकलं गेलं.

या फोनांचा इतिहास महाराष्ट्राला परका नाही. १९७२ साली इंदिरा गांधी यांच्या हस्ते विक्रम उपग्रह भूकेंद्र सुरू झालं ते आर्वीला. वर्धा जिल्ह्यातली नव्हे, पुणे जिल्ह्यात जुन्नरजवळची आर्वी. पुढे समुद्रावरच्या जहाजांचे इनमारसॅटचे फोनही तिथून जोडले जाऊ लागले. दुसरी आठवण इरिडियमची. ७८० किलोमीटरवरून फिरणारे ६६ उपग्रह, ध्रुवापासून ध्रुवापर्यंत सेवा, नोव्हेंबर १९९८ मध्ये आरंभ आणि ऑगस्ट १९९९ मध्ये दिवाळखोरी. त्याचं भारतातलं प्रवेशद्वार पुण्याजवळ दिघीला होतं. या पडझडीतून इरिडियम इंडिया विरुद्ध मोटोरोला हा पुण्यात दाखल झालेला खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०१० साली कंपनीवरही फसवणुकीसारख्या गुन्ह्याचा खटला चालू शकतो, असा महत्त्वाचा निकाल आला. अमेरिकेत उपग्रह आकाशातून खाली पाडण्याची तयारी झाली असताना नव्या मालकांनी अगदी थोड्या किमतीत ते घेतले, आणि ती सेवा आजही चालू आहे. यंत्र उत्तम आणि कंपनी बुडीत असेल तर फोन लागत नाही, हे त्या वर्षांत सगळ्या जगाने पाहिलं.

भारतात सर्वसामान्य माणसाला मात्र हा फोन सहज मिळत नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यात अतिरेक्यांनी समुद्रावर सॅटेलाईट फोन वापरला होता; त्यानंतर निर्बंध आणखी कडक झाले. दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय थुराया या दुसऱ्या उपग्रह सेवेचा किंवा इरिडियमचा संच जवळ बाळगणंही गुन्हा ठरतो. गोवा आणि दिल्लीच्या विमानतळांवर उपग्रहावरून संदेश पाठवणारं छोटं उपकरण पिशवीत सापडल्याने परदेशी गिर्यारोहक आणि धावपटूंना अटकेला तोंड द्यावं लागलं. देशाच्या सुरक्षेचा विचार केला तर हा नियम त्यांना पटतो. सह्याद्रीत, मेळघाटात भटकणाऱ्या गिर्यारोहण संस्थांना आणि दुर्गम आरोग्य पथकांना नोंदणीकृत, भाड्याने मिळणारे संच मिळावेत, ही मागणीही त्यांना तितकीच पटते, आणि ती ते मोकळेपणाने मांडतात.

हे सारं त्यांना अलीकडे नव्याने मांडावं लागलं ते शेजारच्या मुलासाठी. तो पर्थला नोकरी करतो. मित्रांबरोबर गाडीने कॅनिंग स्टॉक रूटवर जायचं त्याच्या मनात होतं. विलुनापासून हॉल्स क्रीकपर्यंत सुमारे १,८५० किलोमीटरची ती वाळवंटी वाट, वाळूच्या शेकडो टेकड्या, वाटेत मदत जवळपास नाही. त्याने व्हिडिओ कॉलवर विचारलं, "काका, इथे एक जुना सॅटेलाईट फोन स्वस्तात मिळून राहिला. अगदी नव्यासारखा आहे. घेऊ का?"

"कोणत्या उपग्रहावरचा?"

थुराया, त्याने सांगितलं.

१५ एप्रिल २०२४ रोजी थुराया-३ या उपग्रहात बिघाड झाला आणि ऑस्ट्रेलियासह आशिया-पॅसिफिकमधली त्याची सेवा थांबली, ती सुरू झालीच नाही. हातातला संच चकचकीत, बॅटरी ठणठणीत आणि वर कुणीच नाही. त्याआधीच्या वर्षी, एप्रिल २०२३ मध्ये, इनमारसॅटचा त्या भागावरचा एक उपग्रह दिवसभरासाठी बंद पडला होता, तेव्हा जहाजांच्या सुरक्षा संदेशांपासून शेतातल्या स्वयंचलित ट्रॅक्टरांपर्यंत सगळ्यांना झळ बसली. एकाच मोठ्या उपग्रहावर सगळा मुलूख टांगलेला असेल तर असं होतं. इरिडियमचं उलट. उपग्रह खाली असतो, डोक्यावरून दहाएक मिनिटांत निघून जातो, त्याची जागा दुसरा घेतो. घळीत कॉल मध्येच तुटतो, पण थोडं थांबलं की पुन्हा मिळतो. एक उपग्रह गेला तरी जाळं राहतं. २००९ साली इरिडियमचा एक उपग्रह रशियाच्या निकामी उपग्रहावर आदळून चक्काचूर झाला, तेव्हा रिकामी झालेली जागा राखीव उपग्रहाने भरली.

म्हणून त्यांनी मुलाला इरिडियमचा संच भाड्याने घ्यायला सांगितलं, आणि त्याशिवाय ४०६ मेगाहर्ट्‌झवर संकटाची हाक देणारा छोटा बीकन. बीकनवर बोलता येत नाही, पण त्याला सिमकार्ड लागत नाही, रिचार्ज संपत नाही. सरकारी शोधयंत्रणेकडे नाव नोंदवलेलं असलं की बटण दाबल्यावर कोण आणि कुठे हे तिकडे उमटतं. ज्या मुलखात १९२८ साली विमानाने रुग्णांकडे जाणारे उडते डॉक्टर सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी आल्फ्रेड ट्रेगरने पायाने पेडल मारून चालणारा वायरलेस एकाकी घरांना दिला, तिथल्या लोकांनी एका साधनावर विसंबायचं केव्हाच सोडलं आहे. त्या पेडलच्या वायरलेसबद्दल बोलताना यांचा चेहरा खुलतो. जनरेटर ओढत नेलेल्या माणसाला त्यातली युक्ती लगेच कळते.

मुलाने पुढे विचारलं की पुढच्या वर्षी नागपूरला येताना संच सोबत आणू का, सातपुड्यात उपयोगी पडेल. "अजिबात नाही," हे उत्तर त्यांनी तीनदा दिलं.

मोबाईलच थेट उपग्रहाशी बोलेल, असेही दिवस जवळ आले आहेत. बीएसएनएल आणि वायासॅट यांनी २०२४ मध्ये भारतात त्याचं प्रात्यक्षिक केलं. ऑस्ट्रेलियात आयफोनवरून आणीबाणीचा संदेश २०२३ पासून जातो. २०२२ मध्ये केंद्राने २४,६८० गावांत फोरजी पोचवण्याची योजना मंजूर केली, त्याचे टॉवर गडचिरोलीतही उभे राहत आहेत. या सगळ्याचा त्यांना मनापासून आनंद आहे. भामरागडच्या एखाद्या मुलीला झाडावर न चढता फोन लावता यावा, हे त्यांनी किती वर्षं म्हटलं आहे. फक्त सागाची पानं नव्या फोनलाही आडवी येणारच, हे ते जोडतात.

पर्थच्या प्रवासाची शेवटची चर्चा संपर्काच्या माणसावर अडली. मुलाची आई जरीपटक्यातच राहते. रोजचा निरोप मलाच यायला हवा, असा तिचा हट्ट. तिची काळजी त्यांना कळत होती. निरोप तिलाही येईल, पण वही दुसऱ्याकडे राहील, असं त्यांनी समजावलं. पर्थला राहणाऱ्या आणि प्रवासाला न जाणाऱ्या मित्राकडे वाटेचा नकाशा, गाडीचा नंबर, बीकनचा क्रमांक आणि पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या पोलिसांचा नंबर द्यायचा. तिथल्या संध्याकाळी सहाला, म्हणजे नागपूरच्या साडेतीनला, ठीक असल्याचा संदेश. सातपर्यंत आला नाही तर वाट बघायची, दुसऱ्या दिवशी सकाळी आठलाही आला नाही तर मित्राने कुणालाही न विचारता पोलिसांना कळवायचं. हे मित्राने स्वतःच्या अक्षरात लिहून फोटो पाठवावा, असा त्यांनी आग्रह धरला. फोटो आला. मग संच भाड्याने घेतल्या दिवशी मुलाने शहराबाहेरच्या मैदानातून त्याच मित्राच्या मोबाईलवर खरा कॉल केला. मित्राने अनोळखी लांबलचक नंबर पाहून तो उचलला नाही. दुसऱ्या खेपेला उचलला, आणि काकांच्या सांगण्यावरून तो नंबर नाव घालून साठवून ठेवला.